"आधी ॲडमिशन मिळू दे, पैशाचं मग बघू"

परदेशी प्रवेशाचा सल्ला घ्यायला नाशिकहून आलेल्या एका मुलीच्या बाबांनी माझ्या टेबलावर एक्सेलची प्रिंटआउट पसरली. अमेरिकेतली बारा खासगी विद्यापीठं, दोन रकाने: शंभरातल्या किती मुलांना घेतात आणि वर्षाचा खर्च किती. कॉर्नेलवर पिवळा हायलायटर. "इथे आठ टक्के, हार्वर्डला साडेतीन. म्हणजे चान्स दुप्पट ना? खर्च तर सगळीकडे सारखाच." मुलगी बारावीची, हाताच्या नखांकडे बघत बसलेली.

छापील खर्च सारखाच दिसतो, हे खरं. राहणं-जेवण धरून तेव्हा वर्षाला 85-90 हजार डॉलर होता, म्हणजे सत्तर लाखांच्या वर. मी विचारलं, घरून किती देता येतील? बाबा म्हणाले, "बघू, करू काहीतरी." आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "वीस लाख. त्यात धाकट्याचं काही धरलेलं नाही."

मग त्याच कागदावर मी पेनाने तिसरा रकाना आखला: आर्थिक मदत मागितली तर निवडीवर परिणाम होतो का? हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ इथे परदेशी मुलांच्या बाबतीतही होत नाही, आणि घेतलं तर गरजेइतकी मदत पूर्ण देतात. कॉर्नेल, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ), स्टॅनफर्डमध्ये परदेशी अर्जदाराने मदत मागितली की निवड करताना ते बघितलं जातं. म्हणजे ते आठ टक्के हिच्यासाठी आठ नव्हतेच. (तसे हार्वर्डचे साडेतीनही नव्हते, परदेशी मुलांचं प्रमाण सहसा त्याहून कमीच असतं. एमआयटी परदेशी मुलांचा आकडा वेगळा देतं, तो दोन टक्क्यांच्या आसपास असतो.)

"मग मदत नको असंच लिहू. आधी ॲडमिशन मिळू दे, पैशाचं मग बघू."

हे मी दर वर्षी ऐकते आणि दर वेळी पोटात गोळा येतो. पेन किंवा स्टॅनफर्डला परदेशी मुलाने अर्जासोबत मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. पहिल्या वर्षाची फी कर्ज काढून भरलेली, आणि दुसऱ्या वर्षी?

कॉर्नेल यादीत राहिलं, पण मदतीपुढे 'हो' लिहून. बारातली पाच गेली. त्यांच्या जागी पूर्ण मदत देणारी चार छोटी कॉलेजं आली, त्यांची नावं बाबांनी कधी ऐकली नव्हती.

त्यातल्याच एकात ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. घरून वर्षाला अठरा लाख जातात. बाबांची तक्रार एवढीच, की लग्नात कॉलेजचं नाव सांगितलं की लोक "कुठलं?" विचारतात.