रविवारचं जेवण आणि बाकीचे सहा दिवस

बारीक माणसाची तक्रार कुणी मनावर घेत नाही. वजन कमी करायचंय म्हटलं की घरात, ऑफिसात, सोसायटीच्या गेटवर दहा जण सल्ला द्यायला उभे राहतात. वजन वाढवायचंय म्हटलं की "नशीबवान आहेस, खा की मग" एवढ्यावर विषय संपतो. ठाण्यात नौपाड्याला माझ्याकडे आहाराबद्दल बोलायला येणाऱ्यांत अशी तरुण मुलं-मुली बरीच असतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: मी भरपूर खातो, पण अंगाला लागत नाही. त्यात खरं किती आणि राहून गेलेलं किती, हे एका मुलाच्या अनुभवातून सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा २३ वर्षांचा, कळव्याचा. ऐरोलीला एका आयटी कंपनीत कामाला. उंची १७० सेंटिमीटर, वजन ५० किलो. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, १७.३. हा आकडा १८.५ च्या खाली असला की वजन कमी धरतात. त्याच्या उंचीला निदान साडेत्रेपन्न किलो तरी हवं. सोबत आई होती आणि सुरुवातीला तीच बोलत होती. "मॅडम, हा दोन माणसांचं जेवतो हो. रविवारी मटण असलं की सहा भाकऱ्या सहज जातात. तरी परवा लग्नात नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, वहिनी, पोराला खायला घालत नाही का?" हे सांगताना तिचा आवाज चिरकला. मुलगा खाली बघून पाय हलवत होता.

जेवणाकडे वळण्याआधी मी एक गोष्ट नेहमी पक्की करून घेते. वजन पहिल्यापासूनच कमी आहे की कमी होत चाललंय? दोन्हींचा रस्ता वेगळा. काही न करता सहा महिने-वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचं अडीच किलोच्या वर, तर आधी डॉक्टर, मग आहार. भूक चांगली असून वजन घटतंय, छातीत धडधडतं, हात थरथरतात, तर थायरॉईड वाढलेलं असू शकतं. सारखी तहान आणि सारखी लघवी असेल तर साखर तपासायलाच हवी. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री दरदरून घाम असं असेल तर टीबीची तपासणी एक दिवसही पुढे ढकलू नये. गव्हाचं खाल्लं की पोट फुगतं आणि जुलाब होतात, तर तेही डॉक्टरांना सांगावं.

या मुलाचं यातलं काही नव्हतं. बारावीपासून वजन ४८ ते ५० मध्येच होतं. वडीलही तिशीपर्यंत असेच होते. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी केलेल्या रक्ताच्या तपासण्या, साखर आणि थायरॉईड, सगळं ठीक होतं. म्हणजे हा मुळातच सडसडीत बांध्याचा मुलगा. हे त्याला स्पष्ट सांगितलं, कारण आपल्यात काहीतरी रोग लपलाय ही भीती तो बरेच दिवस एकटाच वागवत होता.

मग त्याला एक काम दिलं. तीन कामाचे दिवस आणि एक रविवार, तोंडात जाईल ते सगळं मोबाईलवर लिहायचं. खाल्लं की लगेच, रात्री आठवून नाही. काही सुधारायचं नाही, रोजच्यासारखंच खायचं.

ती यादी घेऊन तो आला तेव्हा आईला पहिल्यांदा ऑफिसचा दिवस दिसला. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, मग ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची धावपळ. साडेनऊला ऑफिसात पुन्हा चहा. दीड वाजता डबा. डब्यात तीन पोळ्या, त्यातली एक बहुतेक वेळा परत. "मीटिंग होती", "सगळे उठले". दुपारी चहा, संध्याकाळी चहा, एखादा वडापाव. गाडीतून उतरला की स्टेशनबाहेर मित्रांबरोबर आठ वाजता आणखी एक चहा. घरी येऊन रात्री दहाला जेवण, आणि ते मात्र पोटभर. हिशेब केला तर ऑफिसच्या दिवशी कसेबसे १७०० ते १८०० उष्मांक, म्हणजे कॅलरी. रविवारी तीन हजारांच्या आसपास. त्याच्या वजनाला आणि हालचालीला रोज साधारण दोन हजार लागतात, आणि आठवड्याची सरासरी नेमकी तिथेच येत होती. वजन वाढणार कुठून आणि घटणार कुठून?

आई खोटं बोलत नव्हती. तिच्यासमोर तो जेव्हा जेवायचा तेव्हा खरंच भरपूर जेवायचा. रविवार आणि रात्रीचं ताट, एवढंच तिने पाहिलेलं. त्यालाही तेच आठवायचं, कारण भरगच्च जेवण लक्षात राहतं आणि सुटलेली पोळी लक्षात राहत नाही. बारीक माणसांच्या नोंदी मी जेव्हा जेव्हा पाहते, तेव्हा बहुतेक वेळा हेच निघतं. एक-दोन जेवणं दणदणीत आणि मधले तास रिकामे.

पण "अंगाला लागत नाही" हे निव्वळ समजूत आहे असंही मी म्हणणार नाही. शरीराशरीरात फरक असतो आणि तो मोजलेला आहे. कॅनडात क्लोद बुशार यांच्या गटाने एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना शंभर दिवसांच्या काळात ८४ दिवस रोज हजार उष्मांक जास्तीचे दिले. १९९० साली ते काम प्रसिद्ध झालं. सगळ्यांना जादा अन्न सारखंच, तरी कुणाचं वजन ४.३ किलोने वाढलं, कुणाचं १३.३ ने. एकाच जोडीतले दोघे मात्र एकमेकांच्या बरेच जवळ राहिले. म्हणजे घराण्याचा वाटा आहेच. १९९९ मध्ये अमेरिकेत जेम्स लेव्हाइन यांनी १६ जणांवर आठ आठवडे असाच प्रयोग केला तेव्हा दिसलं, की काहींचं शरीर जास्तीचं अन्न नकळत हालचालीत उडवून टाकतं. उठबस, येरझाऱ्या, बसल्या जागी चुळबुळ, हे सगळं आपोआप वाढतं. मी हे सांगत असताना आई मुलाच्या हलणाऱ्या पायाकडे बघत होती. "मी रोज ओरडते, पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते म्हणून," ती म्हणाली. मी तिला सांगितलं, ओरडू नका, त्याचं शरीर तसं आहे. आपण फक्त त्या खर्चाच्या वर थोडं जास्त पोहोचवायचं.

थोडं जास्त म्हणजे रोज तीनशे ते पाचशे उष्मांक. तेवढ्याने आठवड्याला पाव किलो, फार तर अर्धा किलो वाढ होते आणि तोच वेग बरा. इथे लोक ताटं मोठी करायला जातात आणि फसतात. ज्याची भूक लहान, त्याला चार पोळ्यांच्या सहा करायला सांगितलं की दोन दिवस करतो, तिसऱ्या दिवशी त्याला ताट बघूनच नको वाटतं. ताट तेवढंच ठेवून त्यातला कस वाढवणं जमतं. तेला-तुपाच्या एका ग्रॅमला नऊ उष्मांक, पिठूळ पदार्थांना आणि प्रथिनांना चार. एक लहान चमचा तूप म्हणजे ४५ उष्मांक, आणि त्याने पोटात काही जागा अडत नाही. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाण्यांत १७० आणि सोबत साडेसात ग्रॅम प्रथिनं.

हे घर मूळचं मालवणकडचं. त्यामुळे नवीन काही शिकवावं लागलं नाही, होतं तेच पुढे आणलं. उसळीत आणि भाजीत ओलं खोबरं किंवा दाण्याचं कूट हात आखडता न घेता. वरणभातावर तूप. दुपारच्या डब्यातल्या तिन्ही पोळ्यांना तूप लावून, आणि डब्यात घट्ट दही. सकाळी निघताना चहाबिस्किटांऐवजी शिकरण: पेलाभर म्हशीचं दूध, एक-दोन केळी, थोडी साखर. तीनशेच्या पुढे उष्मांक पाच मिनिटांत आणि चावत बसायची गरज नाही. सकाळी घास उतरत नाही अशांना हे फार उपयोगी पडतं. साडेदहाला एक छोटा दुसरा डबा, त्यात उकडलेली दोन अंडी किंवा गूळ-शेंगदाणे. आणि आठ वाजताचा चहा बंद. बदल्यात काही न देता ही एकच गोष्ट मी सोडायला लावली. जेवणाच्या तोंडावर चहा घेतला की भूक मरते, आणि त्याचं रात्रीचं जेवण दहावर जात होतं त्याचं कारणही तोच कट्टा होता. सगळं एकदम सुरू करायचं नाही, आधी शिकरण आणि दुसरा डबा, पंधरवड्याने बाकीचं, असं ठरवलं.

शिकरण त्याने स्वतः करायचं, अंडी रात्री स्वतः उकडून ठेवायची, ही माझी अट होती. आई पहाटे पाचला उठून डबे करत होतीच, तिच्या डोक्यावर आणखी एक काम टाकून मुलाचं वजन वाढवायचं हे मला पटत नाही. तेवीस वर्षांच्या माणसाला केळी कुस्करता यायलाच हवीत.

आईशी मी अर्धा तास वेगळं बोलले आणि या सगळ्यात मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नणंदेच्या त्या वाक्यापासून जेवताना ती त्याच्या ताटावर नजर ठेवून बसायची. "एवढंच? आणखी घे. बघ कसा दिसतोस." तो कधी चिडून उठायचा, कधी "ऑफिसात खाल्लंय" म्हणून सुटका करून घ्यायचा. लहानपणापासून काडी पैलवान म्हणून हिणवलेला मुलगा, घरच्या ताटावरही तेच ऐकत होता. मी तिला म्हटलं, "ताई, तुम्ही चांगल्या आई आहात हे त्याच्या वजनावरून ठरत नाही. तुम्ही वाढा, पण जेवताना वजनाचा शब्द काढू नका. आणि पुढच्या लग्नात कुणी बोललं तर 'त्याचा बांधा तसाच आहे, तब्येत ठणठणीत आहे' एवढं सांगा आणि विषय बदला." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." पुढे मुलाने सांगितलं की घरातला हा बदल त्याला तुपापेक्षा जास्त कामी आला.

पावडरीचा विषय त्याने शेवटी, दबकत काढला. जिममधल्या कुणीतरी वजन वाढवणाऱ्या पावडरीचा डबा घ्यायला सांगितला होता, आणि एका मित्राने लेबल नसलेल्या गोळ्या आणून दिल्या होत्या. पावडरीबद्दल मी सांगितलं, की अशा बऱ्याच डब्यांत मुख्य माल माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून केलेली पूड, आणि साखर. विष नाही, पण दूध-केळी-शेंगदाण्यांपेक्षा महाग आणि कमी कसदार. गोळ्या मात्र मी टेबलावर काढून ठेवायला लावल्या. वजन वाढवायच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अशा गोळ्या-चूर्णांत डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड सापडली आहेत. त्यांनी चेहरा सुजल्यासारखा गुबगुबीत होतो आणि माणसाला वाटतं अंगाला लागलं. आत साखर आणि रक्तदाब वाढतात, हाडं ठिसूळ होतात, आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. ज्यांनी अशा गोळ्या घेतल्या आहेत त्यांनी स्वतःच्या मनाने थांबवू नये, गोळ्या घेऊन सरळ डॉक्टरांकडे जावं. याने सुदैवाने एकही घेतली नव्हती.

व्यायाम हवाच, नाहीतर वाढलेलं बरंचसं चरबी म्हणूनच बसतं. आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका आणि थोडं वजन उचलणं, आणि दिवसभरात मिळून साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिनं. उपवन तलावावर रोज पळायला जायचा त्याचा बेत होता, तो सध्या राहू दे म्हटलं.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी. पहिल्या महिन्यात किलोभर वाढलं आणि तो खूश झाला. मग पावसाळ्यात ताप आला, आठवडाभर पेजेवर गेला आणि वाढलेलं सगळं उतरलं. त्या वेळी त्याचा फोन आला तेव्हा तो सगळं सोडून द्यायच्या बेतात होता. आजारात गेलेलं वजन भूक परत आली की बऱ्यापैकी भरून येतं, हे मी सांगितलं आणि तसंच झालं. सहा महिन्यांनी काटा ५४ वर होता आणि तिथेच टिकला. बीएमआय १८.७. तो अजूनही सडसडीतच दिसतो. सत्तर किलोचं काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या हाडापेराला त्याची गरज नाही आणि त्याच्यामागे लागलास तर निव्वळ चरबी वाढवशील. व्यायाम चालू ठेव, पुढच्या एक-दोन वर्षांत आणखी दोन-तीन किलो ताकदीचे वाढतील.

शेवटच्या भेटीत आईने धाकट्या मुलीचं काढलं. ती सोळा वर्षांची, तीही बारीक. तिला हेच सगळं द्यायचं का? मी विचारलं, पाळी नियमित येते का? मध्ये तीन महिने आली नव्हती, आणि हल्ली ती रात्रीचं जेवण टाळते, आरशासमोर पोट बघत बसते, असं आई म्हणाली. भाऊ खायचा प्रयत्न करूनही बारीक होता. बहीण कदाचित खायला घाबरत असेल, आणि ते तुपाच्या चमच्याने सुटत नाही. तिला न रागावता, वजनाचं नाव न काढता घेऊन या, म्हणून त्याच आठवड्याची वेळ दिली, आणि त्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून यायला सांगितलं.