उद्यानांचा मेट्रोसारखा नकाशा : सुरुवात करताना

शहरातील उद्याने मेट्रोच्या स्थानकांसारखी आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा मार्गिकांसारख्या दाखवणारा नकाशा आपल्याला काढायचा असेल, तर पहिल्याच नकाशात शहरातील प्रत्येक बाग बसवू पाहू नये; नवोदितांची सर्वांत मोठी चूक नेमकी हीच असते. पायी जोडता येतील अशी दहा-बारा उद्याने आणि दोन-तीन मार्गिका सध्या पुरेशा आहेत.

हॅरी बेक यांच्या १९३३ सालच्या लंडन भुयारी रेल्वेच्या नकाशाप्रमाणे रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांतच ठेवाव्यात. मात्र तेथील प्रवासी डब्यात बसलेला असतो आणि आपला वाचक चालणार असतो, त्यामुळे अंतरे ओढूनताणून बसवली की ती त्याच्या पायांना जाणवतात, म्हणून प्रत्येक दोन स्थानकांमध्ये चालण्याची मिनिटे अवश्य लिहावीत.

स्थानकाचे वर्तुळ बागेच्या मध्यावर न काढता प्रवेशद्वारापाशी काढावे. मोठ्या उद्यानाची दोन फाटके एकमेकांपासून बरीच दूर असू शकतात, आणि त्यांतील एक संध्याकाळी लवकर बंद होत असेल तर मार्गच तुटतो. मार्गिकांसाठी हिरव्याच्या छटा वापरण्याचा मोह टाळावा. त्या एकमेकींपासून ओळखू येत नाहीत. नावे आडवीच लिहावीत.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा. चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने आराखडा करावा आणि प्रत्येक मार्गिका स्वतः चालून पाहावी, कारण ओलांडता न येणारा महामार्ग कागदावर सहसा दिसत नाही.