मार्था कस्टिसच्या वाटणीचे कागद वाचताना

प्रिय,

मार्था कस्टिसच्या मिळकतीवर लिहायचं ठरवलंस ते चांगलं केलंस. ती अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याची बायको होती हे मात्र सुरुवातीला विसर. तिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस 8 जुलै 1757 ला वारला आणि 6 जानेवारी 1759 ला तिने दुसरं लग्न केलं. मधलं दीड वर्ष ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची विधवा होती. पदरात दोन लहान मुलं, सुमारे साडेसतरा हजार एकर जमीन आणि जवळपास तीनशे गुलाम.

डॅनियलने मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे वाटणी व्हर्जिनियाच्या, म्हणजे अमेरिकेतल्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीच्या, कायद्याने झाली. ‘विधवेला एक तृतीयांश’ हे वाक्य तू जागोजागी वाचशील. त्यावर थांबू नकोस, कारण ते तृतीयांश तीन वेगळे आहेत. जमिनीचा तिसरा हिस्सा तिला फक्त हयातीपुरता होता, आणि गुलामांचा तिसरा हिस्साही हयातीपुरताच. जंगम मालाचा तिसरा हिस्सा मात्र कायमच्या मालकीचा. पहिल्या दोन्हींना ‘डॉवर’ म्हणत. ते तिला विकता किंवा दान करता येत नसत, आणि तिच्यानंतर पहिल्या नवऱ्याच्या वारसांकडे परत जात. उरलेली जमीन मुलगा जॅकीची झाली, मुलगी पॅट्सीला जमीन मिळाली नाही. तेव्हा प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलीने ‘ह’ किंवा ‘मा’ लिही: हयातीपुरतं की मालकीचं. बेरीज त्यानंतर.

गोंधळ होतो तो गुलामांच्या नोंदींत. 1705 च्या कायद्याने वारसाहक्कासाठी गुलाम म्हणजे स्थावर, पण कर्जवसुलीसाठी जंगम. म्हणून ते मालाच्या यादीत गुराढोरांच्या शेजारी, किमतीसह दिसतात आणि वाटणीच्या वेळी जमिनीच्या नियमाने जातात. यादीत दिसले म्हणून जंगम धरलेस, तर पुढचा सगळा हिशेब चुकेल.

(आपल्याकडच्या विधवेशी तुलना करायचा मोह होईल. जपून कर. 1937 च्या आधी मुलगा असलेल्या हिंदू विधवेच्या वाट्याला बहुधा पोटगीच यायची, ठरावीक हिस्सा नव्हे.)

आता यादीकडे. कोर्ट काही शेजारी जमीनदारांना पंच नेमायचं. ते शपथ घेऊन मळ्यावर जात, माल बघून किंमत घालत आणि यादी कोर्टात दाखल करत. कस्टिसांची मिळकत अनेक काउंट्यांत (जिल्ह्यांत) पसरलेली, म्हणून याद्याही अनेक आहेत. त्यांत जमिनीची किंमत नसते. ‘इस्टेटीची एकूण किंमत’ म्हणून यादीची बेरीज देणारे ही जागा हमखास चुकतात.

दुसरी चूक पैशाची. 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड हे सोपं आहे, पण पौंड दोन: इंग्लंडचा स्टर्लिंग आणि व्हर्जिनियाचा चालू पौंड. हिशेबाला 100 स्टर्लिंगला 125 चालू हा दर धरत, बाजारात याहून जास्त मोजावे लागत. दोन्ही पौंड वेगळ्या रकान्यांत ठेव आणि बदलून एकत्र केलेस तर कुठला दर वापरलास तेही लिही.

तंबाखूचंही तसंच. साधारण हजार पौंड वजनाचं एक पिंप लंडनच्या रॉबर्ट केरी या व्यापारी कंपनीकडे रवाना व्हायचं आणि विक्रीचे पैसे कित्येक महिन्यांनी जमा दिसायचे. तेच पीक कोठारातला माल म्हणून एकदा आणि लंडनची जमा म्हणून पुन्हा मोजलं जाऊ शकतं. ऑगस्ट 1757 मधली मार्थाची लंडनच्या व्यापाऱ्यांना गेलेली पत्रं सोबत ठेव. नवरा गेल्याचं कळवून व्यवहार आता आपण बघणार, असं ती त्यांत स्वच्छ सांगते.

डन्बर खटला सोडू नकोस. डॅनियलचा आजोबा, कॅरिबियनमधल्या लीवर्ड बेटांचा गव्हर्नर डॅनियल पार्क, 1710 मध्ये अँटिग्वात मारला गेला. तिथल्या डन्बर नावाच्या वारसांनी त्याच्या कर्जांचा बोजा कस्टिसांवर टाकायला दावा लावला होता. तो 1757 मध्येही जिवंत होता आणि हरला तर मिळकतीचा मोठा लचका जाणार होता. वाटणीच्या प्रत्येक कागदावर त्याची सावली आहे.

न्यू केंट काउंटीच्या कोर्टात मूळ नोंदी शोधायला जाऊ नकोस. 1787 मध्ये तिथलं दप्तर जाळलं गेलं. जाळणारा जॉन प्राइस पोझी, एकेकाळचा जॅकीचाच कारभारी! त्याला फाशी झाली, पण कागद गेले ते गेलेच. सुदैवाने कुटुंबाकडच्या प्रती टिकल्या, आणि वॉशिंग्टनने आखलेले वाटणीचे तक्ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर आहेत. तिथून सुरुवात कर.

सगळ्यात जास्त वेळ नावांना दे. डॉवरच्या यादीतल्या बायकांची नावं आधी उतरव, मग त्यांची मुलं, कारण मूल आईच्या हिश्शात मोजलं जाई. नावांची स्पेलिंगं बदलत जातात, तेव्हा मळा आणि आईचं नाव यांवरून ओळख पटव. मग वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन मळ्याची 1799 ची गुलामांची यादी शेजारी ठेव: 317 माणसं, त्यांतली 153 डॉवरची. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राने त्याच्या मालकीचे गुलाम सुटले, डॉवरचे सोडणं त्याच्याही हातात नव्हतं आणि मार्थाच्याही. 1802 मध्ये ती गेल्यावर ते तिच्या चार नातवंडांत, म्हणजे जॅकीच्या मुलांत, वाटले गेले. कित्येक घरांत नवरा वॉशिंग्टनचा आणि बायको डॉवरची, म्हणजे बाप सुटला आणि आई-मुलं चार दिशांना. तुझ्या तक्त्यात नवरा-बायकोसाठी एक जास्तीचा रकाना आत्ताच आखून ठेव.