धाप नाही, मग ऑक्सिजन कशाला?

प्रश्न : हर्नियाच्या ऑपरेशननंतर वडील शांत झोपले होते. सॅच्युरेशन ८८ दिसत होतं, पण धाप वगैरे काही नव्हती. तरी नर्सने घाईघाईने ऑक्सिजन लावला. भूलतज्ज्ञ म्हणाले, "मानेतला पहारेकरी अजून गुंगीत आहे." हा पहारेकरी कोण?

उत्तर : जबड्याखाली, मानेत जिथे बोटाला नाडी लागते, त्याच्या आसपास मोठ्या रोहिणीला दोन फाटे फुटतात. त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढी गाठ असते, दोन्ही बाजूंना एकेक. तिचं नाव कॅरोटिड बॉडी. आकाराच्या मानाने तिच्यातून वाहणारं रक्त अफाट. श्वासावरचा तिचा अंमल दाखवून देणाऱ्या बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ सालचं नोबेल मिळालं.

रक्तातला ऑक्सिजन घटला की या गाठीतल्या पेशींची पोटॅशियमची दारं मिटतात. पेशीतला विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी शेजारच्या मज्जातंतूवर रासायनिक निरोप सोडते. तो मेंदूच्या बुंध्याशी पोचला की काही सेकंदांत श्वास वाढतो. खरा जोर चढतो तो सॅच्युरेशन ९० च्या खाली घसरू लागल्यावर. गंमत म्हणजे ही गाठ ऑक्सिजनचा दाब मोजते, साठा नाही. म्हणूनच कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्याला बहुधा धाप लागत नाही. दाब ठीक असतो, ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन मात्र अडकून पडलेलं.

आता औषधं. हॅलोथेनसारख्या भुलीच्या वायूचा, पेशंट बोलू लागल्यावरही अंगात उरलेला अंश या गाठीला गप्प करायला पुरतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंशही तेच करतो. अतिदक्षता विभागात रक्तदाबासाठी देतात ते डोपामिनसुद्धा तिला दाबतं. मॉर्फिनचा मारा मुख्यतः पुढे, थेट मेंदूच्या श्वासकेंद्रावर.

शिकाऊ असताना रिकव्हरी रूममध्ये मी एका पेशंटला विचारलं, "त्रास होतोय का?" तो म्हणाला, "छे, मस्त वाटतंय!" ओठ निळसर पडले होते. मीही हसून पुढच्या खाटेकडे वळले होते. मागून सिस्टरने हाक मारली म्हणून निभावलं. तेव्हापासून "बरं वाटतंय" या उत्तरावर मी विसंबत नाही, छातीकडे बघून श्वास मोजते. ऑक्सिजन लावल्यावर तर जास्तच, कारण मग श्वास मंदावला तरी आकडा बराच वेळ छान दिसत राहतो.

या पहारेकऱ्याला हलवून जागं करणारं औषधही आहे, डॉक्साप्रॅम. पण शिरेतून दिलेल्या एका डोसचा असर काही मिनिटांत ओसरतो, शिवाय रक्तदाब चढतो. तुमच्या वडिलांसाठी मास्कच बरा होता.