एकादशीलाही जुलाब थांबेनात

प्रश्न : सासऱ्यांना (वय 61) पाच महिने पाण्यासारखे जुलाब होतायत, दिवसाला पंधरा वेळा तरी. दहीभात झाला, जायफळ उगाळून दिलं, गोळ्या झाल्या. आषाढीला तर नुसत्या पाण्यावर होते तरी तेवढेच! आता स्वादुपिंडात गाठ निघालीय आणि डॉक्टर म्हणतात दर महिन्याला हार्मोनचं इंजेक्शन घ्या. जुलाबाला हार्मोन कशाला? – एक सूनबाई, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली ती एकादशीच सगळ्यात कामाची आहे. काही बाधलं असेल, दूध पचत नसेल, तर पोट रिकामं ठेवलं की जुलाब कमी होतात. इथे होत नाहीत कारण पाणी खाण्यातून येतच नाहीये, आतडंच सोडतंय. तसं आपल्या सगळ्यांच्याच लहान आतड्यात रोज 8-9 लिटर पाणी येतं, लाळ, पित्त, जठररस सगळं धरून, आणि जवळजवळ सगळं परत शोषलं जातं. हा नळ किती सोडायचा त्यात पोटातल्या हार्मोन्सचा मोठा हात असतो. स्वादुपिंडाच्या काही गाठी व्हीआयपी नावाचं हार्मोन भसाभस सोडतात (नाव व्हीआयपी, पण पाहुणा नकोसा) आणि मग नळ चोवीस तास चालू. स्वादुपिंडाचा कॉलरा म्हणतात याला, उगाच नाही. रक्तात व्हीआयपी तपासलंय का तेवढं विचारा.

नळ बंद करणारं हार्मोनही शरीरातच असतं, सोमॅटोस्टॅटिन, 1973 मध्ये सापडलं, पण ते रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं, त्याचं औषध कसं करणार? म्हणून त्याची टिकाऊ नक्कल काढली, ऑक्ट्रिओटाइड. साधं इंजेक्शन दिवसातून दोन-तीनदा कातडीखाली, आणि महिन्याचं कुल्ल्यात, ते नर्सकडूनच घ्यायचं. महिन्याचं चढायला वेळ लागतो, त्यामुळे पहिले दोन आठवडे रोजचंही चालू ठेवतात, डबल डोस झाला म्हणून घाबरू नका. रोजचं फ्रिजमधून काढून थोडं बाहेर ठेवून मग टोचा, कमी दुखतं.

पित्ताशयात खडे होऊ शकतात, शुगर वरखाली होते, तेव्हा सोनोग्राफी आणि शुगर अधूनमधून करत राहा. आणि जुलाब थांबले म्हणजे गाठ गेली असं नाही हं, ऑपरेशन होण्यासारखं आहे का ते आत्ताच विचारून ठेवा. ओआरएस चालूच. पाय गळाले, छातीत धडधडलं, लघवी कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी नेऊन पोटॅशियम तपासा.