खाडीची रेती आणि वडिलांची घाई

‘मुलगा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ६.८. पुलाच्या काँक्रीटमध्ये स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) आणि क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) वापरून टिकाऊपणा तपासत बसतो. मी खाडीच्या रेतीवर वीस वर्षं बांधकामं केली. सिमेंट वाढवलं की काँक्रीट टिकतं. नाद सोडून एमपीएससीला बस, असं त्याला समजवा.’
– एक पालक, मालवण

नमस्कार,

६.८ची काळजी नाही. मुलाला काय हवंय याची एकही ओळ पत्रात नाही, ते खटकलं. निर्णय तुमचा झालाय, माझा फक्त शिक्का हवाय. तो मिळणार नाही.

आता सिमेंटचं. काँक्रीटचा चाचणी-ठोकळा, म्हणजे क्यूब, एम ४०च्या ताकदीला पास झाला म्हणजे पूल टिकला, असं होत नाही. खाऱ्या हवेतलं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की गंज फुगतो आणि सळईवरचं काँक्रीटचं कव्हर फुटतं. सिमेंट वाढवलं की उष्णता आणि आकुंचन वाढतं, भेगा पडतात, मिठाला वाट मिळते. म्हणून काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ खास कारणाशिवाय सिमेंट घनमीटरला ४५० किलोच्या वर जाऊ देत नाही. निम्म्या सिमेंटच्या जागी स्लॅग घातला तर काँक्रीटमधली छिद्रं बारीक होतात, मिठाची वाट अडते. पण ७ दिवसांचा क्यूब कमी येतो, साइटवर घबराट होते आणि पुन्हा सिमेंट ओतलं जातं. पाणीही जास्त दिवस मारावं लागतं, तिथेच कंटाळा होतो. ओल्या रेतीचा हिशेब तर कोणी करतच नाही: ७०० किलो रेतीत ३ टक्के ओलावा म्हणजे २१ लिटर. तो वजा केला नाही, तर ४०० किलो बाइंडरला (सिमेंट अधिक स्लॅग) १४४ऐवजी १६५ लिटर पाणी पडतं, पाणी-बाइंडरचं ०.३६चं गुणोत्तर ०.४१वर जातं. गोव्यातला मांडवीचा पूल १९८६ साली पडला, तेव्हा त्याला दोन दशकंही झाली नव्हती.

एमपीएससी आणि गेट, दोन्ही दारं पुढेही उघडी आहेत. एम.टेक.चीही घाई नको. आधी दोन वर्षं आरएमसी (तयार काँक्रीट) प्लँटच्या किंवा पुलाच्या साइटवरच्या लॅबमध्ये काम करू दे. काँक्रीट क्लोराइडला किती अडवतं ते बघणाऱ्या, ६० व्होल्टवरच्या ६ तासांच्या चाचणीत त्याचा आकडा २८ दिवसांना किती आणि ९० दिवसांना किती, हे त्याला विचारा. फरक का पडला हे तो सांगू शकला, तर त्याला वाट सापडलीय.

शिवाय सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. तुमच्या खाडीच्या रेतीचा नमुना त्याच्याकडेच तपासायला द्या.