दाढ तुकडे करून काढतात ते उगाच का?

तुमचा प्रश्न असा, की डॉक्टर दाढ कापून तुकड्यांत काढू म्हणतात, तासभर लागेल म्हणतात. एका झटक्यात काढता येत नाही का? येते. मी दंतवैद्य आहे, आणि या झटक्याचाच मला राग आहे.

शिकत असताना आमच्या एका सरांचा हात वेगवान म्हणून नाव होतं. भूल चढली की फोर्सेप, म्हणजे दात ओढायचा चिमटा, लावायचा, दात ट्रेमध्ये. एकदा एका बाईंचा वरचा पटाशीचा दात असाच निघाला. धुताना पाहिलं तर मुळाला ओठाकडच्या बाजूने नखाएवढी हाडाची कपची चिकटलेली. सर म्हणाले, "हाड भरून येतं गं." मी तेव्हाही वाद घातला होता. तिथली हाडाची भिंत बहुतेकांची एक मिलिमीटरहूनही पातळ. ती गेली की खड्डा भरतो, पण कड आत बसते. त्याच बाई पुढे इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू बसवून कृत्रिम दात लावायला आल्या, तेव्हा आधी ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, घालून हाड वाढवावं लागलं. दोन मिनिटांत दात काढल्याचं कौतुक मात्र आजही सांगतात.

मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मध्ये तंतूंचा थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटरचा. पेरिओटोम या बारीक हत्याराचं पातं त्या फटीत घालून तंतू तोडत खाली जायचं, मग लक्सेटर, म्हणजे दात सैल करायचं हत्यार, आणि दाब धरून थांबायचं. तंतू सैलावायला वेळ घेतात. ओठाकडच्या भिंतीवर जोर द्यायचाच नाही. दाढेची मुळं फाकलेली असतात, अख्खी ओढली तर मूळ तरी तुटतं नाहीतर हाड तरी. म्हणून मुळं सुटी करून एकेक काढायची. कापायचा तो दात, हाड नव्हे. हिरडीही शक्यतो उघडायची नाही, कारण वरच्या आवरणातून हाडाला रक्त मिळतं.

तेव्हा डॉक्टर निवडताना 'किती वेळात काढता' हे विचारूच नका. 'बाहेरची हाडाची भिंत राहील का' हे विचारा. या प्रश्नावर चिडणाऱ्याकडे जाऊ नका.

हां, कितीही जपून काढला तरी हाड थोडं झिजतंच, सगळ्यात जास्त पहिल्या काही महिन्यांत. हिरड्यांच्या आजाराने हलणाऱ्या दाताला एवढा खटाटोप लागत नाही. मूळ हाडाशी एकजीव झालं असेल तर थोडं हाड कोरावंच लागतं. आणि हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील तर ते आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.